तीन कार्डं, एक कर्नल: पूर-सॉल्व्हरच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

काम थोडक्यात असं. गटाकडे उथळ पाण्याची समीकरणं सोडवणारा जुना कोड आहे. नदी पात्र सोडून शिवारात कशी पसरते, हे तो दाखवतो. सगळा कुडात, म्हणजे एनव्हिडियाच्या स्वतःच्या भाषेत लिहिलेला, त्यामुळे चालतो फक्त त्यांच्याच ग्राफिक्स कार्डावर. तो एएमडी आणि इंटेलच्या कार्डांवरही चालला पाहिजे. हा कोड मागणाऱ्यांपैकी कोणाच्या मशीनमध्ये कोणतं कार्ड बसवलेलं असेल, हे आपण ठरवू शकत नाही, आणि कोडसाठी कोणी नवं कार्ड घेणार नाही.

टेबलावर तीन कार्डं आहेत: एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०६०, एएमडीचं आरएक्स ७९०० एक्सटी आणि इंटेलचं आर्क ए७७०. चाचणीला आपला नेहमीचा कृष्णा-पंचगंगेचा पट्टा, ऑगस्ट २०१९ चा पूर. चौकट ३० मीटरची, जाळी ४०९६ × ३०७२, म्हणजे सुमारे १ कोटी २६ लाख चौकटी.

सुरुवात करण्याआधी फळ्यावर गणित मांडलं. प्रत्येक चौकटीत तीन राशी आहेत, पाण्याची खोली आणि दोन दिशांचा प्रवाह. शिवाय तळाची उंची. एका पायरीत, म्हणजे वेळ एक टप्पा पुढे सरकवताना, तिन्ही राशी वाचायच्या, तिन्ही परत लिहायच्या, उंची वाचायची. ४-४ बाइटांचे सात आकडे झाले. अख्ख्या जाळीचे मिळून ३५२ एमबी. ३०६० ची मेमरी सेकंदाला ३६० जीबी देते, ए७७० ची ५६०, ७९०० एक्सटीची ८००. म्हणजे एका पायरीला निदान १, ०.६३ आणि ०.४४ मिलिसेकंद लागणारच. हा कोड मेमरीवर अडतो, आकडेमोडीवर नाही. कोणत्या भाषेत लिहावं यावर हमरीतुमरीवर येण्याआधी हा भागाकार करून बघावा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

९ जानेवारी

पर्याय चाळले.

हिप: एएमडीने कुडाच्या अगदी शेजारी बसवलेलं. फंक्शनांची नावंसुद्धा तीच, आधी ‘कुडा’ होतं तिथे ‘हिप’. एएमडी आणि एनव्हिडिया दोन्हीकडे चालतं. इंटेलकडे जाण्याचा सरळ रस्ता नाही.

सिकल: क्रोनोसचं, म्हणजे या कंपन्यांच्या सामायिक मानक-संस्थेचं मानक, आताची आवृत्ती २०२० ची. इंटेलचा सगळा भर यावर आहे. त्यांच्या कंपायलरला एनव्हिडिया आणि एएमडीसाठी जोड मिळतात, त्या एडिंबरोच्या कोडप्लेने केल्या. ती कंपनी इंटेलने २०२२ मध्ये घेतली. हायडेलबर्ग विद्यापीठात सुरू झालेला अडॅप्टिव्हसीपीपी हा दुसरा सिकल कंपायलरही आहे. तांत्रिकदृष्ट्या मला हाच पर्याय सर्वांत नीटनेटका वाटतो. पण मग अख्खा कोड आधुनिक सी++ मध्ये, लॅम्डांच्या (निनावी फंक्शनांच्या) भाषेत, नव्याने लिहावा लागेल. आणि आपल्याकडे कोडला हात लावणारी निम्मी मंडळी सिव्हिलची आहेत. त्यांना साधं सी कळतं, तेवढं पुरेसं आहे.

व्हल्कन: हेही क्रोनोसचं, मुळात ग्राफिक्ससाठीचं. चालतं सगळीकडे, मोबाइलवरसुद्धा. पण दोन अ‍ॅरे जोडायच्या तरी आधी पानंच्या पानं तयारी करावी लागते. नाही.

ओपनसीएल: क्रोनोसचंच, साध्या सी सारखं. हे जुनं झालं, आता कोण वापरतं, असं सगळे म्हणतात. पण तिन्ही कंपन्यांच्या ड्रायव्हरांत ते आजही आहे.

मॅडम म्हणाल्या, आधी हिपने निम्मं काम उरकून घ्या, मग बोलू. ठीक.

१४ जानेवारी

संक्रांत, लॅब रिकामी. शांतपणे हिपिफाय, म्हणजे कुडाचा कोड हिपमध्ये बदलणारं साधन, चालवलं. याचे दोन प्रकार मिळतात. एक पर्लमधली स्क्रिप्ट, ती नुसता शोधून-बदलण्याचा खेळ करते. दुसरा क्लँग या कंपायलरवर उभा आहे, तो कोड खरोखर वाचून बदलतो. आमच्या कोडला स्क्रिप्ट पुरली. मेमरी मागणं, कॉपी करणं, स्ट्रीम, इव्हेंट, सगळं आपोआप बदललं. कर्नलच्या, म्हणजे खुद्द कार्डावर चालणाऱ्या फंक्शनांच्या, आत तिने जवळजवळ काहीच छेडलं नाही.

१७ जानेवारी

७९०० एक्सटीवर पूर्ण चाचणी पार. पुराची कड ३०६० शी जुळते. सगळे खूश.

२२ जानेवारी

जेवताना नव्या मुलाने विचारलं, ‘या सगळ्या कंपन्या क्रोनोसमध्ये एकाच टेबलावर बसतात ना, मग प्रत्येकीची भाषा वेगळी कशी?’ उत्तर बरंच लांबलं, म्हणून इथे टिपून ठेवतो.

माझं मत असं की मानकाचा कळवळा नेहमी मागे पडलेल्याला असतो. ९६ साली ३डीएफएक्सचं वूडू कार्ड आलं, सोबत त्यांची स्वतःची ग्राफिक्सची भाषा, ग्लाइड. गेम तिच्यावर निघत होते, तेव्हा त्यांना ओपनजीएल या खुल्या मानकाचं फारसं काही पडलेलं नव्हतं. डिसेंबर २००० मध्ये त्यांनी आपली मालमत्ता एनव्हिडियाला विकायचं जाहीर केलं. एएमडीने २०१३ मध्ये मँटल हे ग्लाइडसारखंच स्वतःचं काढलं, पण एकट्याच्या बळावर ते रेटणं झेपणारं नव्हतं, म्हणून क्रोनोसला देऊन टाकलं. त्यातून फेब्रुवारी २०१६ मध्ये व्हल्कन १.० आलं. मॉनिटरांचं तेच. एनव्हिडियाने २०१३ मध्ये पडद्याचा वेग कार्डाच्या वेगाशी जुळवणारं जी-सिंक आणलं, त्याला मॉनिटरात वेगळा तुकडा लागायचा. पुढच्या वर्षी व्हेसा या मॉनिटरांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक हे खुलं मानक डिस्प्लेपोर्टमध्ये घातलं आणि एएमडीने ते उचलून धरलं. एनव्हिडियाने ते मानायला जानेवारी २०१९ उजाडला, तोवर बाजारात स्वस्त मॉनिटर सगळे त्याच मानकाचे झालेले.

ओपनसीएलची कथा तर याहून बोलकी. तो प्रस्ताव अ‍ॅपलचा. कुडाची घोषणा नोव्हेंबर २००६ ची, ओपनसीएल १.० डिसेंबर २००८ चं. दोन वर्षं आधीच गेलेली. २०१३ मध्ये २.० निघालं, त्यात सामायिक आभासी मेमरीसारख्या गोष्टी सक्तीच्या केल्या. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र १.२ वरच थांबला, आणि तिथवरही तो २०१५ मध्ये पोचला, १.२ चं मानक निघून तीन वर्षं उलटल्यावर. अखेर २०२० मध्ये ३.० काढताना क्रोनोसने १.२ हाच पाया धरला आणि दोनच्या पिढीतलं बहुतेक सगळं ऐच्छिक करून टाकलं. ज्यांनी ते मनापासून राबवलं होतं त्यांना काय वाटलं असेल! आणि अ‍ॅपल? स्वतःची ग्राफिक्सची भाषा मेटल हाती आल्यावर २०१८ मध्ये त्यांनी मॅकवर ओपनजीएल आणि ओपनसीएल दोन्ही मोडीत काढली. ज्याने बारसं केलं त्यानेच.

याला अपवाद आहेत. एसजीआय ही ग्राफिक्स मशीन बनवणारी कंपनी १९९२ मध्ये आघाडीवर होती, तरी तिने आपली आयरिस जीएल खुली करून तिचं ओपनजीएल केलं. आणि क्रोनोसचे अध्यक्ष नील ट्रेव्हेट हे एनव्हिडियाचेच उपाध्यक्ष आहेत, तेव्हा ‘एनव्हिडिया मानकांच्या विरोधात आहे’ हे म्हणणंही भाबडंच. ती टेबलावर असतेच. फक्त आकडेमोडीच्या भाषेत तिला घाई नाही.

नव्या मुलाचं यावर एकच वाक्य: ‘म्हणजे उद्या एएमडी पुढे गेली की तीही असंच करेल?’ करेल की.

३० जानेवारी

भाड्याने घेतलेल्या मशीनवर एमआय२१० हे एएमडीचं सर्व्हरचं कार्ड मिळालं. तोच हिपचा कोड, एक अक्षर न बदलता. पूर मध्यावर असतानाची स्थिती फाइलमधून उचलली आणि पुढे चालवला. पाण्याच्या बेरजेचा ताळा पहिल्या काही पायऱ्यांतच बिघडला. नकाशा उघडला तर उभे पट्टे. एका पट्ट्यात पाणी ओसरतंय, शेजारच्या पट्ट्यात सुरुवातीला होतं तिथेच गोठलेलं. पुढचा परत जिवंत, त्यापुढचा परत गोठलेला. नदीच्या वळणाशी, गावांशी, कशाशीच त्यांचा संबंध नाही. जाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पट्टीने आखल्यासारखे.

मॅडमनी नकाशावर माप घेतलं. एका पट्ट्याची रुंदी ९६० मीटर. ३० मीटरची चौकट, म्हणजे ३२ चौकटी. आकडा ऐकल्याबरोबर कुठे बघायचं ते कळलं.

कोडमध्ये एक युक्ती आहे, गट सोडून गेलेल्या कोणीतरी फार पूर्वी घातलेली. कोरड्या चौकटींवर वेळ घालवायचा नाही, म्हणून आधी ओल्या चौकटींची यादी करायची. प्रत्येक धागा (कार्डावर समांतर चालणारं एक काम, इथे एका चौकटीचं) आपल्या चौकटीबद्दल मत देतो, ओली की कोरडी. बरोबरीने चालणाऱ्या धाग्यांची मतं एका आकड्याच्या बिटांत गोळा होतात. या फंक्शनाचं नावच बॅलट. बिट मोजले की कोणाचा यादीत कितवा नंबर ते कळतं. एनव्हिडियाच्या कार्डावर ३२ धागे एकत्र चालतात, त्यांना वॉर्प म्हणतात. म्हणून मतपेटी ३२ बिटांची. एएमडीच्या सीडीएनए घराण्यात (एमआय२१० त्यातलंच) ६४ धागे एकत्र चालतात आणि हिपमध्ये बॅलट ६४ बिटांचं उत्तर देतं. आमच्या कोडने ते ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलं. सी भाषेत हे चालतं, कंपायलर वरचे ३२ बिट मुकाट्याने कापतो. वरच्या अर्ध्या धाग्यांची मतं गेली, त्यांच्या चौकटी यादीत आल्याच नाहीत, म्हणून त्यांचं पाणी हललंच नाही. आणि जाळीची रुंदी ४०९६ ला ६४ ने पूर्ण भाग जातो, त्यामुळे प्रत्येक ओळीत तोच तुकडा तिथेच पडला आणि पट्टे उभे दिसले. रुंदी ४००० असती तर दर ओळीला अर्ध्याने सरकून नुसती बारीक जाळीदार कुजबुज दिसली असती, आणि ती शोधायला कितीतरी वेळ गेला असता.

मग ७९०० एक्सटीवर हे का नाही दिसलं? तेही एएमडीच. पण ते आरडीएनए घराण्याचं, तिथे ३२ आणि ६४ दोन्ही जमतं आणि हिप ३२ धरतं. म्हणजे एकाच कंपनीच्या दोन कार्डांत हा फरक. इंटेलकडे तर ८, १६ किंवा ३२, आणि ते कंपायलर ठरवतो.

हिपिफाय इथे काही करू शकलं नसतं. ते नावं बदलतं. ३२ हा आकडा नावात नव्हता, गृहीतकात होता.

३१ जानेवारी

मतपेटी सगळीकडे ६४ बिटांची केली. वॉर्पची रुंदी आता कर्नलमध्ये कुठेही आकड्याने लिहायची नाही. कोडभर ३२, ३१ आणि ५ शोधून काढले (५ म्हणजे उजवीकडे पाच बिट सरकवणं, ३२ ने भागण्याची जुनी सवय). पट्टे गेले. एमआय२१० चं भाडं थांबवलं.

६ फेब्रुवारी

आता ए७७०. हिप इथे थांबतं, तेव्हा निर्णय घ्यावाच लागला: कर्नल ओपनसीएल सी १.२ मध्ये बसतील असे लिहायचे. अट एकच, तीच फाइल कुडा आणि हिपमध्येही कंपाइल झाली पाहिजे. कर्नल एकच, त्याला तीन टोप्या. डोक्यावर टोपी बदलायची, आतला माणूस तोच. टोपी म्हणजे छोटी हेडर फाइल. ग्लोबल आणि लोकल मेमरीचे शिक्के, धाग्याचा क्रमांक, अडसर (सगळे धागे एकमेकांसाठी थांबतात ती जागा), एवढंच तिच्यात.

किंमतही मोजली. टेम्प्लेट (एकच कोड वेगवेगळ्या प्रकारांसाठी वापरायची सी++ ची सोय) सगळे गेले, कारण ओपनसीएल सी मध्ये ते नाहीत. बॅलटची युक्तीही गेली, कारण सबग्रुप (वॉर्पचं ओपनसीएलमधलं नाव) मानकात ऐच्छिक आहेत. ओल्या चौकटींची यादी आता लोकल मेमरीत साध्या चढत्या बेरजेने होते. मेमरीवर अडलेल्या कोडला याचा फटका जाणवण्याइतका बसू नये, ६ जानेवारीचं गणित बघा.

लगेच पुढची अडचण. पाण्याच्या एकूण बेरजेचा ताळा आम्ही डबलमध्ये, म्हणजे ८ बाइटांच्या आकड्यात, ठेवत होतो. आर्कच्या या पिढीत डबलचं हार्डवेअरच नाही. ओपनसीएलच्या नियमानेही ते सक्तीचं नाही, कार्डाला विचारायचं आणि ‘नाही’ आलं तर मुकाट्याने मानायचं. फ्लोटमध्ये, म्हणजे ४ बाइटांत, सरळ बेरीज करता येत नाही. १,६७,७७,२१६ वर पोचलेल्या फ्लोटमध्ये १ मिळवला की उत्तर १,६७,७७,२१६ च येतं. आमच्याकडे सव्वा कोटीवर चौकटी आहेत. म्हणून काहानची बेरीज घातली: प्रत्येक वेळी गळालेला चुरा वेगळा धरायचा आणि पुढच्या आकड्यात मिसळायचा.

खबरदारी, ठळक अक्षरात लिहिण्यासारखी: कंपायलरचा ‘फास्ट रिलॅक्स्ड मॅथ’ हा वेग वाढवणारा पर्याय चुकूनही लावू नका. तो लावला की चुऱ्याचं सूत्र बीजगणिताने शून्य होतं असं कंपायलरला म्हणता येतं आणि ते तो पुसून टाकू शकतो. कागदावर त्याचं बरोबरही आहे.

तसं बघितलं तर ३०६० वरही डबलचा वेग फ्लोटच्या ६४ व्या हिश्श्याएवढाच असतो. काहान तिथेही ठेवली.

१३ फेब्रुवारी

तिन्ही कार्डांवर पूर वाहतोय, पण शेवटच्या अंकापर्यंत उत्तरं जुळत नाहीत. मॅडम आणि माझी यावर चांगलीच जुंपली.

‘तीनपैकी खरं कोणतं?’

‘तिन्ही.’

‘असं कसं तिन्ही? नदी एकच आहे.’

कारण शोधलं ते असं. वेग काढताना प्रवाहाला खोलीने भागतो. कुडा डिफॉल्टने हा भागाकार शेवटच्या बिटापर्यंत अचूक देतं. ओपनसीएलचं मानक फ्लोटच्या भागाकाराला अडीच युएलपीपर्यंत सूट देतं. युएलपी म्हणजे संख्येच्या शेवटच्या बिटाची किंमत. कार्ड तयार असेल तर अचूक भागाकार मागायचा पर्याय आहे, पण कार्डाने तो दिलाच पाहिजे असं नाही. दुसरं, गुणाकार आणि बेरीज एका दमात करायची की दोन वेळा पूर्णांकन करायचं, हे प्रत्येक कंपायलर आपापलं ठरवतो. पात्राच्या मध्यभागी याने काही बिघडत नाही. पण कडेला, जिथे पाणी मिलिमीटरात असतं आणि त्याने भागायचं असतं, तिथे एक चौकट या कार्डावर ओली ठरते आणि त्या कार्डावर कोरडी.

मॅडमचं म्हणणं, ‘मग ते सॉफ्टवेअर कोणाच्या हातात द्यायचं?’ माझं म्हणणं, कडेच्या चौकटीचा निकाल असा डळमळत असेल तर तो एकाच कार्डावरही भरवशाचा नव्हता. फक्त दुसरं उत्तर समोर नव्हतं म्हणून पक्का वाटत होता. तासभर वाद झाला. तडजोड अशी: चाचणी बिटांवर नाही. पाण्याचा ताळा, ठराविक जागांची कमाल खोली, आणि पुराच्या कडेत किती चौकटींचा फरक, या तिन्हींना मर्यादा ठरवायच्या. त्या मर्यादा मॅडम ठरवणार, मी नाही.

वर्षानुवर्षं एकाच कंपनीच्या कार्डावर राहिल्याने हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. या प्रकल्पातून आतापर्यंत मिळालेली सर्वांत कामाची गोष्ट हीच, असं मला वाटतं.

१८ फेब्रुवारी

नव्या मुलाने विचारलं, एवढा खटाटोप कशाला, झ्लुडा वापरू. आधीच कंपाइल झालेला कुडाचा प्रोग्राम एएमडीच्या कार्डावर चालवण्याचा हा प्रकल्प. आंद्झेय यानिक यांचा, इंटेलच्या कार्डांवर सुरू झालेला, मग काही काळ एएमडीच्या पैशावर चाललेला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत खुला केलेला. करामत थोर आहे, त्यात वाद नाही. पण कुडाच्या परवान्यात एक कलम आहे: त्यांच्या साधनांनी तयार झालेला माल इतर कंपन्यांच्या कार्डांसाठी भाषांतरित करण्याच्या हेतूने उलगडायला मनाई. हिपिफायला हे लागू होत नाही, कारण ते आपण स्वतः लिहिलेला मूळ कोड बदलतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये गूगल विरुद्ध ओरॅकल खटल्यात जावाच्या एपीआयची (फंक्शनांची नावं आणि मांडणी) नक्कल उचित वापर ठरवली होती, पण परवान्यातलं कलम हा वेगळा मामला. आपल्या गटात वकील नाही. नको.

२७ फेब्रुवारी

कुडाची टोपी काढून टाकावी का, यावर चर्चा. ओपनसीएल एनव्हिडियावरही चालतं, मग दोन वाटा कशाला? मी ठेवा म्हटलं. सी-डॅकचं परम सिद्धी-एआय हे महासंगणक यंत्र पूर्ण एनव्हिडियाच्या ए१०० वर उभं आहे. नोव्हेंबर २०२० च्या जगातल्या महासंगणकांच्या टॉप ५०० यादीत ते ६३ वं होतं. तिथे वेळ मिळाला तर प्रोफायलर, डीबगर, सगळी हत्यारं कुडाचीच मिळणार. उलट जगातल्या यादीत बघा. नोव्हेंबर २०२४ च्या टॉप ५०० मध्ये पहिलं एल कॅपिटन आणि दुसरं फ्रंटियर एएमडीचं, तिसरं ऑरोरा इंटेलचं. पहिल्या तिघांत एनव्हिडिया नाही! तरीही नवं काही शिकायचं म्हटलं की मुलं कुडाच शिकतात. वरून कोणती मशीन घेतात आणि खाली कोण काय शिकतं, यांचा मेळ बसायला फार वर्षं लागतात.

जाता जाता, नव्या मुलाला दाखवलेली एक गोष्ट. व्हल्कनमध्ये जोडसुविधांच्या नावाच्या सुरुवातीला तिचा मालक कोण ते लिहिलेलं असतं. किरण-रेखनाची (प्रकाशकिरणांचा माग काढून चित्र करण्याची) सुविधा २०१८ मध्ये ‘एनव्ही’ या शिक्क्याने आली, २०२० मध्ये तीच जरा बदलून ‘केएचआर’ शिक्क्याने, म्हणजे सगळ्यांची. मॅट्रिक्स गुणाकारांच्या सुविधेचं तसंच, २०१९ मध्ये ‘एनव्ही’, २०२३ मध्ये ‘केएचआर’. आघाडीवरचा आधी आपलं नाव लावून बाजार मारतो, दोन-चार वर्षांनी तेच मानक होतं. तोवर त्याची पुढची वस्तू आलेली असते. २२ जानेवारीला मी जरा एकतर्फी बोललो असं त्याला वाटू नये म्हणून हे दाखवलं. त्याच्या मते यानेही तेच सिद्ध होतं.

५ मार्च

मॅडमच्या मर्यादांवर तिन्ही कार्डं पास. ए७७० ला पहिल्यांदा चालवताना कर्नल तिथल्या तिथे कंपाइल होतात, त्याचा थांबा जाणवतो. तयार बायनरी साठवून ठेवायची सोय करायची आहे.

उरलेलं: रोजच्या चाचणीत तिन्ही कार्डं आणणं. ६४ धाग्यांचं कार्ड आपल्याकडे नाही, तेव्हा दर आवृत्तीआधी एमआय२१० भाड्याने घेणं. याचा खर्च पुढच्या अंदाजपत्रकात टाकायला मॅडमना सांगितलं. हिपिफायची जुनी शाखा बंद. परम सिद्धीवर वेळ मागायचा अर्ज मी लिहितोय, त्यात पट्ट्यांचा नकाशा जोडायचा की नाही यावर एकमत नाही.